कन्याशाळेची गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात महिला शाखेच्या वतीने वाचण्यात आलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून महिला शाखेनेही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा आमच्यापुढे सोप्या विषयांची वाण नव्हती. गणेशोत्सवातील नाटके, संक्रांतीचे हळदीकुंकू, येथल्या भाद्रपदातील दमट हवेत मोदकाची उकड चिकट होऊ नये म्हणून केलेले नाना उपाय, यांपैकी कशावरही आमच्यातील कोणीही तासभर सहज बोलेल आणि अध्यक्ष महाशयांना घड्याळाकडे पाहावे लागेल. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयास बसलो असता एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. मंडळाने आपणांस काय दिले याची नोंद इतिवृत्तांत जागोजागी सापडते. ज्या शहरात हे मंडळ उभे राहिले त्या शहराने आपल्या लेकींना काय दिले, याची नोंद मात्र त्या वह्यांत कोठेही नाही. म्हणून आज आम्ही येथील एका सरकारी कन्याशाळेविषयी बोलणार आहोत. ती शाळा बेथून विद्यालय. उत्तर भागात हेदुआच्या तळ्याजवळ, पूर्वीच्या कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर म्हणजे आजच्या विधान सरणीवर ती उभी आहे. शहराचे नाव २००१ सालापासून कोलकाता झाले आहे. पण आमची गोष्ट जुनी आहे आणि आमची जीभही जुनीच आहे, तेव्हा कलकत्ता म्हटल्यास क्षमा असावी.

जॉन एलियट ड्रिंकवॉटर बेथून हे गृहस्थ १८४८ साली गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद म्हणून येथे आले. शिक्षण मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. आल्यानंतर वर्षभरातच, ७ मे १८४९ रोजी, त्यांनी मुलींची शाळा उघडली. इमारत नव्हती. दक्षिणारंजन मुखोपाध्याय यांनी सुकिया स्ट्रीटवरील आपला दिवाणखाना दिला आणि तेथे पहिल्या दिवशी एकवीस मुली बसल्या. रामगोपाल घोष, मदनमोहन तर्कालंकार ही मंडळी पाठीशी होती. तर्कालंकार हे संस्कृत कॉलेजातील पंडित. त्यांनी आपल्या दोन मुली, भुवनमाला आणि कुंदमाला, या शाळेत पाठविल्या, स्वतः तेथे वेतन न घेता शिकविले, आणि मुलांच्या वाचनासाठी ‘शिशुशिक्षा’ नावाचे क्रमिक पुस्तक लिहिले. व्याख्याने देणारे सुधारक त्या काळीही विपुल होते. स्वतःच्या लेकी पहिल्या बाकावर नेऊन बसविणारे थोडे. तर्कालंकारांना त्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करावा लागला.

शहरात गदारोळ झाला. वृत्तपत्रांतून टिंगल झाली, कवींनी विडंबने रचली, शिकलेली मुलगी विधवा होते ही समजूत पुन्हा एकदा घरोघर उजळणीस आली. एकवीस मुलींपैकी बऱ्याच जणी थोड्याच दिवसांत गळाल्या. या गळतीविषयी वाचताना आम्हांस एक गोष्ट विशेष वाटली. मुलींनी अक्षर गिरवावे की नाही हा वाद होताच. परंतु मोठ्या घरांतून मुली गुपचूप अक्षर गिरवीत असत, अंतःपुरात शिकवावयास बाईही ठेवली जात असे. खरा आक्षेप घराबाहेर पडण्यास होता. उंबरठ्यापासून शाळेच्या दारापर्यंतचा रस्ता, त्यावर उभे राहणारे लोक, त्यांची नजर, त्यांची तोंडे, हा सारा त्या काळच्या आईबापांच्या चिंतेचा विषय होता.

बेथून साहेबांना आणि विद्यासागरांना हे पुरते समजले होते असे दिसते. ईश्वरचंद्र विद्यासागर डिसेंबर १८५० मध्ये शाळेचे चिटणीस झाले. दुरून येणाऱ्या मुलींसाठी शाळेने घोडागाडी ठेवली आणि त्या गाडीच्या अंगावर एक संस्कृत वचन रंगविले. कन्येचेही पालन करावे आणि तिलाही अत्यंत काळजीपूर्वक शिक्षण द्यावे, असा त्याचा आशय. महानिर्वाणतंत्रातील ते वचन आहे. आम्ही त्या गाडीचा विचार फार वेळा केला आहे. सकाळी गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहत असेल, ओट्यावर बसलेले भद्रलोक तिच्याकडे पाहत असतील, आणि त्यांना आपल्याच शास्त्रातील वचन वाचावे लागत असेल. वाचता येत असूनही न वाचल्यासारखे करणारेही असतील. पण शाळेने आपला युक्तिवाद वर्गाच्या भिंतीवर न लिहिता गाडीवर लिहिला, कारण वाद रस्त्यावर होता.

येथे आपले पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. बेथूनच्या एक वर्ष आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. तेथे घोडागाडी नव्हती. शिक्षिकाच पायी चालत जात असे, तिच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, आणि शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी ती दुसरे लुगडे बरोबर नेत असे ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. बंगाल्यांपुढे आम्ही ही कथा अभिमानाने सांगतो, आणि ते आम्हांस बेथूनची गाडी सांगतात. कोण आधी, हा वाद आमच्या शेजारच्या घोषबाबूंशी चहाच्या पेल्यावर अनेक वर्षे चालला. त्यात एका वर्षाने आमची सरशी आहे हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही.

तरीही निवाडा करताना आम्हांस आपल्याच बाजूस झुकावेसे वाटते, आणि त्याचे कारण ते एक वर्ष नव्हे. कलकत्त्याची ती सुंदर गाडी प्रत्येक दारी थांबत नव्हती. शाळेत प्रवेश केवळ प्रतिष्ठित हिंदू घराण्यांतील मुलींना होता. फुले दांपत्याने पुढे महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या. बेथूनच्या दारावर त्या वेळी जातीचा आणि धर्माचा पहारेकरी बसलेला होता. हे सांगितल्याने बेथून साहेबांचे मोठेपण कमी होत नाही. शाळा टिकावी म्हणून त्यांनी समाजाशी केलेला तो सौदा होता, आणि तो सौदा कोणाला महागात पडला हे पुढे यावयाचे आहे.

शाळेला स्वतःची जागा मिळाली तीही दक्षिणारंजनांच्या औदार्यामुळे. त्यांनी दिलेल्या मिर्झापूर येथील जमिनीच्या बदल्यात सरकारकडून कॉर्नवॉलिस स्क्वेअरजवळचा भूखंड मिळाला आणि ६ नोव्हेंबर १८५० रोजी कोनशिला बसली. इमारत पूर्ण झालेली पाहण्याचे भाग्य बेथून साहेबांना लाभले नाही. १२ ऑगस्ट १८५१ रोजी ते येथेच वारले आणि कलकत्त्यातील आपली मालमत्ता शाळेला देऊन गेले. त्यानंतर लॉर्ड डलहौसी शाळेचा खर्च स्वतःच्या खिशातून करीत राहिले. संस्थाने खालसा करणारा हा मनुष्य आपणां मराठी माणसांच्या आठवणीत सातारा, नागपूर आणि झाशी या तीन नावांनी रुतलेला आहे. त्याच डलहौसीने एका कन्याशाळेची गाडी चालू ठेवली, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा कोठे ठेवावे ते कळेना. १८५६ साली ते परत गेले आणि शाळा सरकारच्या ताब्यात आली. विद्यासागर १८६९ पर्यंत चिटणीस राहिले.

विद्यासागरांचे नाव निघाले म्हणून थोडे घरचे सांगतो. आमच्यापैकी बऱ्याच जणी १९७० च्या दशकात लग्न होऊन अथवा नवऱ्याच्या बदलीमुळे या शहरात आलो. कोणाचे यजमान बँकेत, कोणाचे विमा कंपनीत, कोणाचे रेल्वेत. मुली शाळेत जाण्याजोग्या झाल्या तेव्हा काहींना बंगाली माध्यमाच्या सरकारी कन्याशाळेत घातले. घरात मराठी, शाळेत बंगाली, आणि आयांना दोन्ही ठिकाणी निभावणे भाग. वर्णपरिचय हे विद्यासागरांचे १८५५ सालचे पुस्तक. बंगाली मुले अजूनही त्याच्यावरून अक्षरे शिकतात. मुलींबरोबर आम्हीही शिकलो. दुपारी भांडी आवरून स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुस्तक उघडावयाचे आणि ‘अ’ चा उच्चार ‘ऑ’ का होतो यावर स्वतःशीच भांडावयाचे. मुलगी शाळेतून आली की ती आमची परीक्षा घेई. आपल्या आयांपैकी कितीजणींचे बंगाली वाचन लेकीच्या हाताखाली झाले आहे, याची गणना मंडळाने कधी केलेली नाही. पालकांच्या सभेत दिदिमणींपुढे उभे राहून आपल्या मोडक्या बंगालीत बोलताना घशाला कोरड पडत असे. पण त्या बायांनी आम्हांस कधी हसून घालविले नाही. वरच्या वर्गांत गेल्यावर मुली पांढरी, रंगीत काठाची साडी नेसून शाळेत जात. पहिल्या दिवशी त्या निऱ्या घालावयास आम्ही बसलो, आणि मुलीने सांगितले की येथे असे नेसत नाहीत. सरस्वतीपूजेच्या दिवशी त्या पिवळ्या साड्या नेसून निघाल्या, तेव्हा मात्र गल्लीतून जाताना कोणती मराठी आणि कोणती बंगाली हे आम्हांलाही ओळखू येईना.

आता पुन्हा बेथूनकडे. १८७८ साली बंग महिला विद्यालय नावाची दुसरी शाळा बेथूनमध्ये विलीन झाली आणि तिच्याबरोबर कादंबिनी बसू नावाची विद्यार्थिनी येथे आली. त्याच साली कलकत्ता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ती उत्तीर्ण झाली. असे करणारी ती पहिली स्त्री. पहिला वर्ग एका गुणाने हुकला. पुढचे शिक्षण द्यावयास कॉलेज नव्हते. तेव्हा १८७९ मध्ये सरकारने तिच्यासाठी या शाळेतच कॉलेजचे वर्ग सुरू केले. एक विद्यार्थिनी आणि एक प्राध्यापक. आजकाल पट कमी म्हणून शाळा बंद करण्याच्या बातम्या वाचताना आम्हांस त्या वर्गाची फार आठवण होते.

चंद्रमुखी बसू हिची गोष्ट अधिक बोचणारी आहे. ती डेहराडूनची, ख्रिस्ती घरातील. ख्रिस्ती म्हणून तिला बेथूनमध्ये प्रवेश मिळाला नाही. मघाशी ज्या सौद्याचा उल्लेख केला तो हा. ती फ्री चर्चच्या संस्थेतून पुढची परीक्षा उत्तीर्ण झाली. मग नियम सैल झाला आणि ती बेथूनमध्ये आली. १८८३ साली कादंबिनी आणि चंद्रमुखी दोघींनी बी.ए. ची पदवी घेतली. आणि १८८८ मध्ये, ज्या संस्थेने धर्म पाहून दार लावले होते, तिच्या कॉलेजची प्रमुख म्हणून चंद्रमुखी खुर्चीवर बसली.

१८८३ या सालापाशी आम्ही थोडे थांबणार आहोत. हुगळीच्या पलीकडच्या तीरावर, येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, श्रीरामपूर आहे. तेथे टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोश्यांची पत्नी आनंदीबाई राहत होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने, वयाची अठरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास का जात आहोत यावर इंग्रजीत भाषण केले. शाळेत जाता-येता रस्त्यावर सोसलेल्या टवाळीविषयीही ती त्या भाषणात बोलली. एप्रिल महिन्यात ती याच कलकत्त्याच्या बंदरातून निघाली. म्हणजे एकाच वसंत ऋतूत, एकाच नदीच्या दोन तीरांवर, दोन बंगाली मुली पदवीधर होत होत्या आणि एक मराठी मुलगी पेटी भरीत होती. १८८६ मध्ये आनंदीबाई तिकडे डॉक्टर झाली आणि कादंबिनीने त्याच वर्षी येथे वैद्यकाची पदविका मिळविली. आनंदीबाई परत आली ती मरणासाठीच. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास तिचा अंत झाला. कादंबिनीने मात्र दीर्घकाळ वैद्यकी केली. १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास ती प्रतिनिधी म्हणून गेली, तेव्हा तेथे पंडिता रमाबाईही प्रतिनिधी होत्या. रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या १८७८ साली कलकत्त्यानेच दिल्या होत्या, हे आपण विसरतो. येथे येऊन वसलेले पहिले मराठी लोक आपण नव्हे, आणि या शहरातील स्त्रीशिक्षणाच्या कथेत आपण केवळ पाहुणेही नव्हे.

परंतु गाडीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. बेथूनची गाडी ज्या दारांवर थांबली नाही त्यांत मुसलमान घरांची दारे होती. त्यांपैकी काही दारांपर्यंत १९११ मध्ये निघालेली एक शाळा पोहोचली. रोकेया सखावत हुसेन ही रंगपूरकडील पायराबंदची मुलगी. बंगाली आणि इंग्रजी दोन्ही तिला बहीण-भावांनी चोरून शिकविली. पतीच्या मृत्यूनंतर, त्यांनी कन्याशाळेसाठी ठेवलेल्या दहा हजार रुपयांतून, तिने १९०९ मध्ये भागलपुरास पाच मुलींची शाळा काढली. घरच्या मालमत्तेच्या तंट्यामुळे ती गाव सोडून येथे आली आणि १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमध्ये आठ मुली घेऊन पुन्हा सुरुवात केली. स्वतः तिने शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती; शाळा कशी चालते हे समजून घेण्यासाठी ती शहरातील इतर कन्याशाळांत जाऊन बसत असे. आज लॉर्ड सिन्हा रोडवर असलेली सखावत मेमोरियल ही सरकारी कन्याशाळा ती हीच.

या शाळेलाही गाडीवाचून भागण्यासारखे नव्हते, कारण पडदा होता. रोकेयाने आपल्या ‘अवरोधवासिनी’ या १९३१ च्या पुस्तकात शाळेच्या मोटारबसची हकीकत लिहिली आहे. पालकांचे समाधान व्हावे म्हणून बस अशी बंदिस्त केली होती की वारा येण्यास दोन अरुंद जाळ्यांखेरीज वाट नाही. आत अंधार. मुली ओकत, घेरी येऊन पडत, लहानग्या भीतीने रडत. ती बस पाहून कोणाला सिराज उद्दौल्याच्या काळातील अंधारकोठडीची आठवण झाली. मग जाळ्यांच्या जागी पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात आणि मुली दिसतात अशी रागाची पत्रे आली, वर्तमानपत्रांतून बदनामी करण्याच्या धमक्या आल्या. रोकेया हे सारे अशा कोरड्या विनोदाने सांगते की वाचताना प्रथम हसू येते. हवा द्यावी तर पालक मुली काढून घेणार, न द्यावी तर मुली गुदमरणार, आणि या दोहोंच्या मध्ये शाळेची बाई रोज सकाळी ती बस रवाना करणार. १९३२ मध्ये ती वारली तोपर्यंत तिची शाळा हायस्कूल झाली होती.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते समारंभास शोभेल की नाही याविषयी आमच्यात मतभेद झाला. शेवटी सांगावे असे ठरले.

आमच्या लेकी ज्या सरकारी शाळांतून शिकल्या त्या शाळांत आमच्या नाती गेल्या नाहीत. १९८० च्या दशकात येथील सरकारी प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढून टाकण्यात आले आणि मध्यमवर्गाने पाठ फिरविली. आम्हीही त्या मध्यमवर्गात होतो. इंग्रजी पुढे परत आले, आम्ही परत गेलो नाही. त्याबद्दल आम्ही स्वतःस दोष देत नाही. नातींच्या शिक्षणाविषयी त्यांच्या आईबापांनी योग्य वाटले ते केले. परंतु आज सरकारी कन्याशाळेच्या बाकावर कोण बसते हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईला बंगालीत माशी म्हणतात आणि आपण मावशी म्हणतो. त्या बाकावर तिची मुलगी बसते.

आमच्यापैकी एकीच्या घरी अशी एक मावशी अनेक वर्षे येत होती. मुलगी हुशार, आठवीपर्यंत शहरातील एका सरकारी शाळेत तिचा नंबर वरचा. मग त्यांची झोपडी हलली आणि कुटुंब दक्षिणेस, लोकल गाडीच्या मार्गावर, दूर राहावयास गेले. शाळा तीच राहिली. पहाटे लोकल, मग बस. संध्याकाळी बस, लोकल, आणि स्टेशनापासून घरापर्यंत दिवे नसलेला रस्ता. नववीत ती मुलगी शाळेतून उठली. मावशीने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. ‘तुझी मुलगी बरी आहे ना’ असे विचारीत होतो, ‘बरी आहे’ असे उत्तर येत होते. तिचे सतराव्या वर्षी लग्न झाल्यावर आम्हांस कळले. सोडल्याचे कारण गुण नव्हते, फी नव्हती, मुलीची अनिच्छाही नव्हती. रोजचे भाडे परवडत नव्हते आणि त्या अंधाऱ्या रस्त्यावर काही पोरे उभी राहू लागली होती.

त्याच काळात, त्याच घरासमोर, सकाळी साडेसहाला आमच्या नातीची पूल-कार उभी राहत असे. तिचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेस जात. त्या पैशांत त्या मुलीचा लोकलचा आणि बसचा पास सहज निघाला असता आणि संध्याकाळी स्टेशनवर कोणी घ्यावयास येण्याची सोयही झाली असती. बेथूनच्या गाडीवरचे वचन आम्हांस त्या वेळीही तोंडपाठ होते. घोषबाबूंशी वाद घालण्यासाठी पाठ केले होते.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आहे, पण तो चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच सोबत करतो. या राज्यात २०१३ पासून कन्याश्री योजना आहे. अविवाहित राहून शिकत असलेल्या मुलीस वार्षिक मदत आणि अठरा पूर्ण झाल्यावर पंचवीस हजार रुपये मिळतात. २०१५ पासून नववीपासूनच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्याची सबुज साथी योजना आहे. आमच्या मते सायकल ही त्या जुन्या घोडागाडीची सर्वांत चांगली वारसदार. तिला पडदा नको आणि गाडीवान नको. परंतु या महानगरात कित्येक मोठ्या रस्त्यांवर सायकलीस बंदी आहे, आणि सोनारपूरकडून येणारी मुलगी सायकलीने येथवर येणार तरी कशी? नववी आणि दहावी ही दोन वर्षे निभावली की पुढचे बरेचसे निभते. नेमक्या त्या दोन वर्षांत वाट लांबते.

सुवर्णमहोत्सवी निधीचे काय करावे यावर कार्यकारिणीपुढे तीन सूचना आहेत. सभागृहास वातानुकूलन, गणपतीसाठी चांदीचे मखर, आणि महिला शाखेची ही तिसरी: नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलींच्या येण्याजाण्याचा खर्च मंडळाने उचलावा. मुलगी मराठी असण्याची अट नसावी, असे आम्ही मुद्दाम लिहून दिले आहे. या अटीवरून बैठकीत बराच वेळ चर्चा झाली. मंडळ मराठी माणसांचे, निधी मराठी माणसांचा, हा मुद्दा ज्येष्ठांनी मांडला आणि तो खोटा नाही. आमचे उत्तर एवढेच होते की आमच्या लेकींना ज्या शाळेने घेतले तिच्या पटावर त्यांच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. निर्णय सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे, आणि उन्हाळ्यात या सभागृहात किती उकडते हे आम्हांसही ठाऊक आहे.

तोपर्यंत एक काम करता येईल. कार्यवाहांच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना शाळेत जाणारी मुलगी असेल त्यांनी तिची इयत्ता, शाळा कोठे आहे, घर कोठे आहे, ती कशाने जाते आणि संध्याकाळी किती वाजता घरी पोहोचते, एवढे विचारून त्या वहीत लिहावे. आज कोणाला ठाऊक नसेल तर घरी जाऊन विचारावे. वही पुढच्या रविवारीही येथेच असेल.